वजन नसलेलं पोर

त्या वर्षी पाऊस पाहुण्यासारखा आला आणि घरजावयासारखा राहिला. शेतं इतकी भिजली की टँकर उतरवला तर चाकं आसापर्यंत आत जात. त्यामुळे अंगणात जमिनीत बांधलेली शेणपाण्याची टाकी उपसून शेतात सोडायची सोय राहिली नाही. गाई काही पावसासाठी थांबत नाहीत. गोठा दोन्ही वेळ धुतला जाई, धुतलेलं सगळं पन्हाळीतून वाहत टाकीत पडे, आणि टाकी काठोकाठ भरली. वर साय धरावी तशी जाड, काळपट खपली धरली. खपलीवर गवताची कोवळी पाती उगवली. नवख्या माणसाला वाटावं, हाही अंगणाचाच तुकडा आहे, फक्त झाडायचा राहून गेलाय.

टाकीवर एके काळी लोखंडी जाळी होती. पण मागे डेअरीचा तपासनीस दूधखोली बघायला आला आणि म्हणाला, दुधाचे कॅन ओल्या जमिनीवर चालायचे नाहीत, उंचावर हवेत. दादांनी इकडं तिकडं पाहिलं, टाकीवरची जाळी उचलली, घासली, तिला चंदेरी रंग दिला आणि दूधखोलीत विटांवर मांडली. तपासनीस खूश होऊन गेला. एका तपासणीच्या अंगावरचं काढून दुसरीच्या अंगावर घालायचं, हा दादांचा हिशेब, आणि तो आजवर चुकला नव्हता. टाकीभोवती त्यांनी दोरी बांधायला सांगितली होती. दोरी त्यांच्या मुलानं बांधली, वासरानं खाल्ली.

दादा म्हणजे घरचा कर्ता म्हातारा. त्यांना सगळेच दादा म्हणत, आणि रंगात आले की ते स्वतःही म्हणत, "दादाला विचारल्याशिवाय इथं पान हलायचं नाही." त्यांचा एकुलता मुलगा पान न हलवणाऱ्यांतला होता. मुलाच्या मुलीला 'खार' म्हणत, कारण जिथं चालून भागेल तिथं ती उडी मारायची. आणि सुनेला 'खारची आई'. बाहेर तिला आणखी एक नाव होतं, 'थोटी'. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावरून म्हणत.

तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट कुट्टी मशीननं नेलं होतं. मशीनच्या तोंडावर पत्र्याचं झाकण होतं. झाकण असलं की चारा मूठमूठ सारावा लागतो, काम रेंगाळतं, म्हणून दादांनी ते उतरवून ठेवलेलं. एका सकाळी पात्यांत अडकलेली वैरण ती बोटांनी ओढत होती आणि नवऱ्यानं पलीकडून न बघता खटका दाबला. घरात या गोष्टीची जी आवृत्ती चालू होती, तिच्यात झाकणही नव्हतं आणि खटकाही. तिच्यात एवढंच होतं, की "तिनं हात घातला." इतकी वर्षं ऐकून तिलाही अधूनमधून वाटायचं, घातलाच असेल.

*

हिरव्या पाटीची बातमी टेम्पोवाल्यानं आणली. सकाळी दूध न्यायला आला, कॅन उचलायच्या आधी विडी पेटवली आणि दादांना म्हणाला, "दादा, पुढल्या महिन्यापासून ज्या फाटकावर हिरवी पाटी, त्याच फाटकाशी टेम्पो थांबणार. वरून हुकूम आहे."

"कसली पाटी?"

"सुरक्षित अंगणाची. खालच्या वस्तीवर ट्रॅक्टर मागं घेताना पोरगं चाकाखाली आलं ना? पेपरात डेअरीचं नाव आलं. आता ज्या घरी लहान मूल आहे, त्या घराला शिकवणार. टॅब घेऊन बाई येणार. टॅबमधून आपलंच अंगण बघायचं, जिथं धोका तिथं लाल दिसतं."

"आपलं अंगण आपल्याला बघायला टॅब कशाला?"

"उघड्या डोळ्यांनी बघून तुम्ही कुठं काय केलंत?" टेम्पोवाला हसला. त्याला सगळ्यांच्या गोठ्यात तोंड घालायची सवय होती आणि सगळीकडून चहा मिळत असल्यामुळे कोणाची भीड नव्हती. "माझं ऐका, पाटी घेऊन टाका. नाहीतर दूध ओता त्या टाकीत. अरे हो, ती तर भरलीय."

दादा हसले नाहीत. दूध हेच त्या घराचं पीक होतं. टेम्पो एक दिवस चुकला, तर संध्याकाळपर्यंत दुधाला आंबूस वास सुटे आणि घरातल्या माणसांनाही.

खारची आई कॅनचं झाकण पुसत सगळं ऐकत होती. तिला मनातून बरं वाटलं. आपण सांगून जे होत नाही, ते टॅब सांगेल. घरात तिच्या शब्दाला किंमत नव्हती, पण बाहेरून आलेल्या, चार्ज करावं लागणाऱ्या वस्तूला असते, हे तिनं पाहिलेलं होतं.

*

टॅबवाल्या ताई आल्या त्या चिखलानं गुडघ्यापर्यंत माखून. तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणत. त्यांनी टॅब थेट खारच्या हातात दिला. दादा हात पुढं करून उभे होते, त्यांना तो हात परत घ्यावा लागला.

"हे मुलांनीच करायचं असतं, बरं का. मूल शिकवतं, मोठे शिकतात."

"उलटा काळ आला," दादा म्हणाले.

खारनं टॅब डोळ्यांपुढं धरला आणि ती किंचाळली. भीतीनं नव्हे. पडद्यावर तिचंच अंगण होतं, तोच ट्रॅक्टर, तोच गोठा, तीच चिखलात बसलेली कोंबडी, आणि त्या सगळ्यांत एक पोर उभं होतं. गोल डोक्याचं, पिवळ्या टोपीचं, खारच्याच उंचीचं. टॅब खाली केला की पोर नाही, वर केला की आहे.

"हा टिल्लू," ताई म्हणाल्या. "टिल्लू जिथं घाबरेल तिथं धोका. टिल्लू जिथं उड्या मारेल तिथं सगळं ठीक. तो करेल तसं करायचं, बरं का."

टिल्लू ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी गेला आणि चाकाभोवती लाल कडं उमटलं. औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या फळीपाशी गेला, तिथंही लाल. कुट्टी मशीनच्या तोंडाशी जाऊन त्यानं हात पुढं केला, झटकन मागं घेतला, आणि दोन्ही हात डोक्याला लावून रडायला लागला. मशीनचं तोंड लालभडक झालं.

खार टॅबवरून नजर न काढता म्हणाली, "हा तर आईसारखा..."

"जा गं, पाणी आण ताईंना," दादा म्हणाले.

"या घरात मशीननं कधी अपघात झालाय का?" ताईंनी विचारलं. "मला लिहून न्यावं लागतं."

"छे. आमच्याकडं कधीच नाही," दादा म्हणाले. आवाजात इतकी स्वच्छता होती की दूधखोलीत ठेवून दाखवावी.

खारचा बाप बुटाच्या टोकानं चिखलाचा गोळा घडवत होता. खारच्या आईनं उजवा हात बादलीच्या मागं नेला. पण ताईंनी पाणी घेताना तो पाहिलाच.

"हे कशानं झालं हो?"

ती दादांकडं पाहणार नव्हती, पण पाहिलं गेलं. टेम्पो, पाटी, दूध, सगळं त्या एका नजरेत उभं होतं.

"लहानपणचं आहे," ती म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ झाकली तरी दोन बोटांनी उणीच भरायची. तरी त्या दिवशी तिनं ती झाकली, आणि नंतर गोठा धुताना दिवसभर तिला स्वतःचाच राग येत राहिला.

शेवटी टिल्लू टाकीशी गेला. काठावर उभा राहिला, तोल गेल्यासारखे हात हलवले आणि मटकन खाली बसला. टाकीभोवती उमटलेलं लाल कडं सगळ्यांत मोठं होतं. ते आत-बाहेर होत राहिलं, श्वास घेतल्यासारखं.

"हे आधी बंद करा," ताई म्हणाल्या. "टॅब आठवडाभर इथंच ठेवते. दुरुस्त केलं की पुन्हा दाखवायचं. सगळं हिरवं झालं की साहेब स्वतः पाटी लावायला येतील. घरचं मूल प्रत्येक दुरुस्त जागेवर टिल्लूबरोबर उभं राहील, त्याचा फोटो."

*

हिरवं करायचं काम खारच्या बापाला फार आवडलं. हा माणूस शाळेत असल्यापासून पास होण्यापुरतं करण्यात वाकबगार होता. औषधाच्या बाटल्या त्यानं वरच्या फळीवर नेल्या, हिरवं. ट्रॅक्टरच्या चाकाला दगड लावला, हिरवं. कुट्टी मशीनच्या तोंडाला तेच जुनं पत्र्याचं झाकण शोधून बसवलं. त्याला खिळा सापडेना, म्हणून तारेनं बांधलं. तरी हिरवं. खारच्या आईनं ते झाकण कित्येक वर्षांनी पाहिलं. ते पडलेलं होतं तिथं, त्याच्या मागं कोंबडीनं अंडी घातलेली होती.

"होतं म्हणजे हे घरातच," ती म्हणाली.

"होतं की. मी कधी नाही म्हटलं?" नवरा म्हणाला.

टाकी मात्र ऐकेना. निळी ताडपत्री टाकली, टिल्लू रडला. ताडपत्रीवर माती पसरली, तरी रडला. मग खारच्या बापाच्या ध्यानात आलं, की टॅबमधल्या पोराला सपाट लागतं, कडा सरळ लागतात आणि रंग सिमेंटसारखा लागतो. जुन्या कपाटाच्या पाठीचे प्लायचे दोन तुकडे माळ्यावर पडून होते. त्यानं ते शेजारी शेजारी जोडले, खाली एक बांबू घातला, वरून राखाडी रंग फासला आणि टाकीवर मांडले. रंग वाळायची वाट बघताना दादाही येऊन उभे राहिले. खारनं टॅब धरला.

लाल कडं हललं, पिवळं झालं आणि टच्च हिरवं झालं. टिल्लू धावत आला, प्लायच्या मधोमध गेला आणि दोन्ही पायांनी उड्या मारू लागला. उडी मारायची, टाळी वाजवायची. पुन्हा उडी, पुन्हा टाळी.

"जमलं," दादा म्हणाले. लेकाची पाठ त्यांनी बऱ्याच दिवसांनी थोपटली.

खारनं टॅब बापाच्या हातात दिला आणि ती टाकीकडं धावली. आईच्या हातात शेणाचं फावडं होतं. ते टाकून तिनं पोरीला फ्रॉकला धरलं, आणि तीन बोटांच्या पकडीत शिवण उसवली. खारचा एक पाय काठावर होता.

"अगं पण तो मारतोय उड्या," खार म्हणाली.

"मारू दे."

"ताई म्हणाल्या, तो करेल तसं करायचं."

"त्याला वजन नाही, खार. तुला आहे."

खारनं आईकडं पाहिलं, मग टॅबकडं. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न तिला पडला होता असं नाही. टॅब नवीन होता.

*

खारच्या आईला तो प्लाय माहीत होता. लग्नात तिच्या माहेरानं दिलेल्या कपाटाचीच ती पाठ होती. माळ्यावरच्या ओलीनं तिचे पापुद्रे सुटले होते, आणि एका हातानं वाकवली तर ती वाकायची, तिच्या हातानंसुद्धा. पहिल्यांदा ती दादांशी बोलली, ते जेवून सुपारी कातरत होते तेव्हा. त्या वेळी ते कोणालाही नाही म्हणत असले तरी निदान शांतपणे म्हणत.

"दादा, जाळी टाकीवर परत ठेवू या का? कॅनखाली फळ्या घालता येतील."

"दूधखोलीच्या तपासणीत फळी चालत नाही. लाकूड सडतं."

"मग टाकीवर चालतं?"

सुपारीचा आवाज थांबला. "टॅबला चाललं ना? तो काय तुझ्यामाझ्यासारखा अडाणी आहे? फोटो होऊन जाऊ दे, पाटी लागू दे, मग बघू. एवढ्यातेवढ्याला काय घाबरायचं? हात घालायच्या वेळी नाही घाबरलीस ती."

ती उठली, ताट घासायला नेलं आणि घासलेलंच पुन्हा घासलं.

नवऱ्याला तिनं धार काढताना गाठलं. गाईच्या पोटाला डोकं टेकवून बसलेला माणूस निदान उठून जाऊ शकत नाही.

"अहो, फोटोला खार त्या प्लायवर उभी राहणार आहे."

"क्षणभर तर उभं राहायचंय."

"पडायला किती वेळ लागतो?"

"खालून दोन फळ्या मारतो. मारतो म्हटलं ना? तू आता माझं डोकं नको खाऊ, गाय दूध चोरते."

गाईनं दूध चोरलं नाही. फळ्याही मारल्या गेल्या नाहीत. एकदा हातोडी सापडेना, एकदा पाऊस आला, आणि एकदा त्यानं फळ्या आणून भिंतीला टेकवल्या. त्या टेकवल्या म्हणजे अर्धं काम झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताई शेवटचं बघून जायला आल्या. खारची आई त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. ताईंच्या स्कूटीचं चाक चिखलात रुतलं होतं. दोघींनी ढकललं.

"ताई, टाकीवरचं ते झाकण नाही. कपाटाची पाठ आहे, सडकी. वर रंग दिलाय."

ताई थांबल्या. मागं वळून त्यांनी टाकीकडं पाहिलं, नुसत्या डोळ्यांनी. मग स्कूटीच्या आरशावरचा चिखल बोटानं पुसला.

"टॅबमध्ये हिरवं आलंय हो."

"आलंय. पण खोटं आलंय."

"मला कळतंय तुम्ही म्हणता ते. पण हिरवं आलं की ते आपोआप वर जातं. मी उलट लिहिलं तर विचारतील, तू जास्त शहाणी का तो. मागं एकीनं लिहिलं होतं, तिला आता ऑफिसात झेरॉक्स काढायला बसवलंय." त्यांनी स्कूटीची किल्ली लावली. "तुम्ही घरात सांगा ना. घरचं माणूस सांगतं ते वेगळं, बरं का."

खारची आई हसली. खूप दिवसांनी हसली असेल, पण ते हसू कोणी फोटोत घ्यावं असं नव्हतं.

ताई गाडी चालू करता करता हळूच म्हणाल्या, "आणि तो हात. तो लहानपणचा नाही ना?"

"नाही."

"मला वाटलंच," ताई म्हणाल्या आणि गेल्या. नुसतं वाटायला त्यांना पगारात परवानगी असावी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला. गोठा इतका धुतला होता की गाई बिचकून उभ्या होत्या. टेम्पोवाला दूध भरून तिथंच रेंगाळला, चारपाच शेजारी आले, आणि मग साहेब आले. साहेब पांढरे बूट घालून आले होते. त्यामुळे त्यांचं निम्मं लक्ष भाषणात आणि निम्मं पायांत होतं.

पाटी आधी लावली. साहेब म्हणाले, "नंतर ऊन जाईल, फोटो काळा येतो." हिरव्या पाटीखाली दादा, साहेब, मध्ये खार. खारची आई कुठं उभी राहणार, असं फोटो काढणाऱ्यानं विचारलं. दादा म्हणाले, "तिला कामं आहेत." आणि कामं होती हे खरंच.

मग भाषण झालं. मूल म्हणजे घराचा दिवा, अंगण म्हणजे मुलाची शाळा, असं बरंच. "या घरात आजवर एकही अपघात झालेला नाही," साहेब कागदात पाहून म्हणाले, "याचा आदर्श इतरांनी घ्यावा." शेजाऱ्यांतल्या दोघांनी खारच्या आईच्या हाताकडं पाहिलं आणि लगेच आभाळाकडं. टेम्पोवाला खोकला. टाळ्या वाजल्या. तिलाही वाजवाव्या लागल्या. तिच्या टाळीचा आवाज नेहमीच थोडा पोकळ यायचा.

आता खारची फेरी. टॅब ताईंच्या हातात, मागं सगळी मंडळी, पुढं खार. ट्रॅक्टरच्या दगडाशी टिल्लूबरोबर फोटो. औषधाच्या फळीखाली फोटो. कुट्टी मशीनच्या झाकणाला हात लावून फोटो. प्रत्येक ठिकाणी खार पडद्यात बघून टिल्लू करेल तसं करी, तो नाचला की नाची, आणि माणसं कौतुकानं हसत.

"आता शेवटची जागा," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. टॅब त्यांनी टाकीकडं वळवला. टिल्लू पळत गेला आणि प्लायवर उड्या मारू लागला.

"जा बाळ," साहेब म्हणाले.

"थांबा," खारची आई म्हणाली.

ती गोठ्याच्या दारातून येत होती. पेंडीचं एक पोतं दोन्ही हातांनी पोटाशी धरून, मागं वाकून, पाय फाकवून. सकाळीच तिनं त्यातली थोडी पेंड काढून ठेवली होती. काटा लावला नव्हता. रोज रात्री झोपलेल्या पोरीला उचलून आत नेणाऱ्या हातांना काटा लागत नाही.

"हे काय आता?" दादा दातांत म्हणाले.

"खारचं वजन," ती म्हणाली. "खारच्या आधी हे उभं करू."

"अगं, फोटो..." नवरा म्हणाला.

"हिरवं आहे ना? मग काय होणार?"

टेम्पोवाल्यानं विडी तोंडातून काढली. तिनं काठाशी गुडघे टेकले आणि पोतं प्लायवर ढकललं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. तेवढ्या वेळात दादांच्या चेहऱ्यावर विजय उमटूनही गेला. तिच्याही मनात आलं, आपलंच चुकलं, आता हे सगळे हसणार, आपण हातच घातला होता. मग बांबू कण्हला. राखाडी रंगाला चीर गेली, प्लाय मधोमध दुमडला, आणि पोतं सावकाश, घाई नसल्यासारखं, खपलीतून आत गेलं. एक जड, ओला आवाज आला. वर आलेल्या काळ्या पाण्यानं गवताची पाती गिळली आणि असा वास सुटला की माणसं नाकाला हात लावून मागं सरली.

"मागं व्हा, वाफ चढते डोक्यात," ती ओरडली आणि तिनं खारला काखेत धरून वाऱ्याच्या बाजूला नेलं.

ताई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या टॅबकडं बघत होत्या. खारनं आईच्या काखेतून मान काढून पाहिलं. पडद्यावर कडं अजून हिरवंच होतं. उघड्या, काळ्या, बुडबुडणाऱ्या भोकावर, हवेत, टिल्लू उड्या मारत होता. उडी, टाळी. पुन्हा उडी, पुन्हा टाळी.

*

साहेबांच्या डाव्या बुटावर एक थेंब उडाला होता. तो त्यांनी आधी पुसला. पुसून झाल्यावर म्हणाले, "पोतं म्हणजे माणूस नव्हे. टॅबमध्ये पोत्याची सोय नाही."

"पाटीचं काय?" टेम्पोवाल्यानं विचारलं. "थांबू की नको संध्याकाळी?"

साहेबांनी ताईंकडं पाहिलं. ताई म्हणाल्या, "एकदा हिरवं झालं की इथून लाल करता येत नाही. वर कळवावं लागेल."

"मग कळवू," साहेब म्हणाले. "पाटी लागलीय, फोटो झालाय. आता ती काढायची म्हणजे..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. ते उचलायला कोणी गेलं नाही.

दादांचा चेहरा पुन्हा फुलायला लागला. साहेबांना गाडीपर्यंत पोचवताना ते म्हणाले, "आमची सून जरा तशीच आहे. चांगलं चाललेलं बघवत नाही. पोतंभर पेंड घातली बघा खड्ड्यात. हातही असाच घातला होता." मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण साहेब गाडीत बसले होते आणि काच वर गेली होती.

शेजारी पांगले. जाताना एक जण खारच्या बापाला म्हणाला, "बाई मात्र धाडसी हो तुझी," आणि ते असं म्हणाला की नवऱ्याला मान खाली घालावी लागली. संध्याकाळपर्यंत वस्तीवर गोष्ट तयार झाली होती. थोटीनं साहेबांसमोर पेंडीचं पोतं टाकीत टाकलं. गोष्टीत प्लाय नव्हता.

टेम्पो संध्याकाळीही थांबला. टेम्पोवाल्यानं कॅन चढवले, पाटीला सलाम ठोकला आणि जाता जाता तिला म्हणाला, "वहिनी, पेंड वाया गेली म्हणून म्हातारा बोलेल. बोलू द्या. पोरगी वाया गेली असती तर नसता बोलला." त्यानं हे चांगल्या मनानं म्हटलं होतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

कॅन गेले आणि दूधखोली रिकामी झाली. खारच्या आईनं विटांवरची जाळी धरून ओढली. जाळी जड होती. तिच्या उजव्या हाताला पकड कमी, त्यामुळे एक कोपरा सारखा जमिनीवर आपटत होता आणि चंदेरी रंगाचे टवके उडत होते. आवाज सगळ्या घरात जात होता. दादा ओट्यावर बसून ऐकत होते. नवरा भिंतीला टेकवलेल्या फळ्यांशी उभा होता. अर्ध्या अंगणात आल्यावर त्यानं येऊन दुसरं टोक उचललं. इतक्या वर्षांत त्यांनी मिळून उचललेलं ते पहिलं ओझं नव्हतं, पण या वेळी तो तिच्या हाताकडं बघत होता.

"तपासणीला परत जागेवर दिसली पाहिजे," दादा ओट्यावरून म्हणाले.

तिनं प्लायचे तुकडे फावड्यानं ओढून काढले, जाळी टाकीवर सरकवली, चारही कोपरे बसले का ते पाहिलं. मग स्वतः जाळीवर उभी राहिली. मधोमध गेली. टाचा आपटून पाहिल्या. लोखंड ढिम्म होतं.

खार काठापासून लांब उभी होती. टॅब ताई घेऊन गेल्या होत्या. रिकामे हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"ये," आई म्हणाली. "आता ये. आता काही होत नाही."

खार आली नाही. तिनं जाळीकडं पाहिलं, आईच्या पायांकडं पाहिलं, मग आईच्या तोंडाकडं. सकाळी टॅबकडं बघताना तिच्या डोळ्यांत जो विश्वास होता, तो आई तिथं शोधत होती.

"मी उभी आहे ना? बघ."

"टिल्लूपण उभा होता," खार म्हणाली.

आणि ती वळून गोठ्यात गेली. थोड्या वेळानं दारात तिची पाठ दिसली. उलटी चालत, दोन्ही हातांनी, ती पेंडीचं दुसरं पोतं ओढत आणत होती.

आई जाळीवरून बाजूला झाली आणि तिनं जागा करून दिली.